घरचा अलार्म विनाकारण वाजतोय? सेन्सर बदलण्याआधी हा क्रम पाळा

घरातला चोर-अलार्म उगाच वाजू लागला की बहुतेक घरांत तीनपैकी एक गोष्ट होते. कोड टाकून त्याला गप्प केलं जातं, तो झोन (एका सेन्सरनं किंवा काही सेन्सरनी राखलेली जागा) बायपास केला जातो, म्हणजे पॅनलला त्याच्याकडे दुर्लक्ष करायला सांगितलं जातं, नाहीतर सरळ नवा सेन्सर आणला जातो. तिन्हींमध्ये मूळ बिघाड तसाच राहतो. बायपास सगळ्यांत वाईट, कारण बायपास केलेलं दार रात्रभर सताड उघडं राहिलं तरी पॅनल, म्हणजे अलार्मची मुख्य पेटी, चकार शब्द काढत नाही. काही पॅनलवर हा बायपास पुढच्या वेळी आपोआप निघतो, काहींवर हातानं काढेपर्यंत राहतो. महिनोन्‌महिने बायपासमध्ये पडलेले मागचे दरवाजे मी पाहिले आहेत, आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

बिघाड शोधायचा क्रम असा: आधी नोंद, मग वीज, मग वायर, सेन्सर सगळ्यांत शेवटी. लोक नेमके उलट्या बाजूनं सुरू करतात. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. बॅटरी, सेन्सर आणि सेटिंग एकाच दुपारी बदललंत तर अलार्म शांत झाल्यावरही कशामुळे झाला ते कळणार नाही.

## हात लावण्याआधीची तयारी

कोड. पॅनलला दोन प्रकारचे कोड असतात. रोज अलार्म लावायचा-काढायचा तो युजर कोड आणि आतली कामं करायचा तो इन्स्टॉलर किंवा इंजिनिअर कोड. पॅनलचं, सेन्सरचं किंवा सायरनचं झाकण उघडायचं तर बहुतेक पॅनलवर आधी इंजिनिअर मोडमध्ये जावं लागतं. एरवी झाकणाखालचा टॅम्पर स्विच (कुणी पेटी उघडली की कळवणारा) सुटतो आणि सायरन सुरू होतो, अलार्म लावलेला नसला तरीही. हा कोड तुमच्याकडे नसेल तर ज्यांनी सिस्टीम बसवली त्यांच्याकडून मागून घ्या. अंदाजानं आकडे दाबत बसू नका, कीपॅड लॉक होतो. फॅक्टरी रीसेट तर मुळीच नको. त्यात झोनची सगळी मांडणी पुसली जाऊ शकते.

सामान. मल्टिमीटर, बारीक टोकाचा स्क्रू-ड्रायव्हर, मऊ ब्रश, टॉर्च, पक्की शिडी, कानात घालायचे प्लग. सायरनचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो. हातभर अंतरावर तो कानाला इजा करू शकतो.

झोनची यादी. कागदावर लिहा: झोन क्रमांक, जागा, सेन्सरचा प्रकार, वायरचा की वायरलेस, बॅटरी कधी बदलली. कीपॅडवर नुसतं 'झोन ७' दिसतं. तो झोन ७ नक्की कोणती खिडकी, हे घरात कुणालाच ठाऊक नसणं ही नेहमीची गोष्ट.

कळवणं. अलार्म मॉनिटरिंग केंद्राला (अलार्मवर दुरून लक्ष ठेवणाऱ्या सेवेला) जोडलेला असेल तर त्यांना सांगून खातं चाचणी मोडवर टाका. शेजाऱ्यांनाही सांगा.

> सावध: पॅनलच्या पेटीत घरची मेन वीज येते. मेन टर्मिनलवर झाकण असेल तर ते काढू नका. त्या बाजूचं काम इलेक्ट्रिशियनचं. पुढच्या टप्प्यांत जे मोजायचं आहे ते सगळं १२ व्होल्टच्या बाजूला आहे.

## टप्पा १: नोंद वाचा, पुसू नका

अलार्म झाल्यावर पॅनल मेमरीत लिहून ठेवतं: कोणता झोन, किती वाजता, अलार्म की टॅम्पर की वीज गेली. लोक घाईनं रीसेट करतात आणि स्क्रीनवरचा संदेश जातो. पण इव्हेंट लॉगमध्ये तो बहुधा शिल्लक असतो. मेनूत जाऊन गेल्या पंधरवड्याच्या नोंदी वहीत उतरवून घ्या.

त्याआधी पॅनलचं घड्याळ बघा. वीज आणि बॅटरी दोन्ही गेल्यावर काही पॅनलची वेळ चुकते. पॅनल पहाटे तीन म्हणत असेल आणि प्रत्यक्षात दुपारचे तीन वाजले असतील, तर तुमचा सगळा तर्क चुकीच्या दिशेनं जाईल.

आता नोंदींत साम्य शोधा:

- रोज साधारण एकाच वेळी, एकच झोन: ऊन, हीटर किंवा एसी.
- वारा असला की: सैल दार, हलणारा पडदा.
- पाऊस पडला की: ओल शिरलेला जोड, बहुधा बाहेरच्या भिंतीतला.
- अलार्म लावल्यावर किंवा घरात शिरल्यावर काही सेकंदांत: माणसाची चूक, किंवा आत-बाहेर जायला दिलेली मुदत अपुरी.
- एकाच क्षणी तीन-चार झोन: सेन्सरचा संशय सोडा. त्यांच्यात सामाईक काय आहे ते बघा. वीज, एकच केबल, एकच जोडपेटी.
- फक्त टॅम्पर: झाकण नीट बसलेलं नाही, किंवा वायर तुटली आहे.

> तपासा: बिघाड एका झोनचा आहे की अनेक? याचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा २: वीज आणि बॅटरी

विचित्र वागणाऱ्या पॅनलमध्ये मला सर्वांत जास्त वेळा सापडलेलं कारण म्हणजे थकलेली बॅटरी. वायरच्या पॅनलमध्ये बहुधा १२ व्होल्टची सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते, पुष्कळदा ७ अँपिअर-अवरची. तिचं आयुष्य साधारण तीन ते पाच वर्षं. पेटी माळ्यावर किंवा उन्हानं तापणाऱ्या भिंतीवर असेल तर त्याहून कमी. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की या बॅटरीचं आयुष्य जवळजवळ निम्मं होतं.

इथे एक चूक हमखास होते. मेन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर मीटर लावायचा, १३.६ व्होल्ट दिसले की "बॅटरी ठणठणीत" म्हणायचं. ते १३.६ चार्जरचे आहेत, बॅटरीचे नव्हेत. मेलेल्या बॅटरीवरही हाच आकडा दिसू शकतो. खरी परीक्षा अशी घ्या:

1. मेन चालू असताना व्होल्टेज मोजा. १३.५ ते १३.८ च्या दरम्यान हवं. बरंच कमी असेल तर चार्जर, फ्यूज किंवा ट्रान्सफॉर्मर तपासून घ्या.
2. मेन बंद करा. पॅनल बॅटरीवर तासभर चालू द्या.
3. पुन्हा मोजा. धडधाकट बॅटरी साडेबाराच्या आसपास असते. तासाभरातच १२ च्या खाली गेली तर ती थकली आहे.
4. कानात प्लग घालून सायरन दहा सेकंद वाजवा आणि मीटरकडे बघत राहा. आकडा थोडा खाली येऊन स्थिरावला तर ठीक. सरसर घसरत ११.५ च्या खाली गेला तर बॅटरी बदला.

चौथी पायरी गाळू नका. रात्री वीज जाते, पॅनल बॅटरीवर येतं, पहाटे तिची शक्ती संपते, व्होल्टेज पडल्यावर सेन्सरचे रिले (आतले विजेवर चालणारे छोटे स्विच) सुटतात आणि एकदम पाच झोन वाजतात. लोक म्हणतात सेन्सर खराब झाले.

बॅटरी बदलताना आधी मेन बंद करा, मग बॅटरीची काळी वायर काढा, मग लाल. बोटातली अंगठी, हातातलं कडं काढून ठेवा. दोन टोकांना धातू लागला तर ठिणगी उडते आणि चटका बसतो. नवी बॅटरी त्याच व्होल्टची आणि पॅनलच्या पुस्तिकेत दिलेल्या क्षमतेचीच घ्या. 'मोठी घेतली तर जास्त टिकेल' हा हिशेब इथे चालत नाही, कारण पॅनलचा चार्जर तिला वेळेत पूर्ण भरेलच असं नाही. टोकांची रुंदीही बघून घ्या. ४.८ आणि ६.३ मिलिमीटर अशा दोन मापांच्या पट्ट्या मिळतात. सैल बसलेली क्लिप म्हणजे नव्या बॅटरीला जुनाच रोग. पुन्हा जोडताना आधी मेन की आधी बॅटरी, हे पॅनलनुसार बदलतं. पुस्तिका सांगेल तसं करा.

बॅटरीवर तारीख लिहिलेला चिकटपट्टीचा तुकडा लावा. जुनी कचऱ्यात टाकू नका, तिच्यात शिसं आहे. बॅटरी परत घेणाऱ्या दुकानात द्या.

## टप्पा ३: वायर आणि झोन

वायरचा प्रत्येक झोन म्हणजे एक वर्तुळ. दार बंद असताना वर्तुळ पूर्ण, दार उघडलं की तुटतं. बहुतेक पॅनलमध्ये या वर्तुळात एक रेझिस्टर (विजेला ठरावीक अडथळा करणारा छोटा भाग) असतो. त्याचं मूल्य पॅनलप्रमाणे १, २.२, ४.७ किंवा ५.६ किलो-ओहम असं काहीतरी.

इंजिनिअर मोडमध्ये जा, जोडणीचा मोबाइलवर फोटो काढा, मग त्या झोनच्या दोन्ही वायरी पॅनलमधून सोडवा. सोडवल्याशिवाय ओहम मोजू नका, पॅनलचं व्होल्टेज मीटरला फसवतं. समजा रेझिस्टर ४.७ किलो-ओहमचा आहे:

- दार बंद, मीटरवर सुमारे ४.७: झोन ठीक.
- दार उघडं, मीटरवर अनंत (म्हणजे वर्तुळ तुटलेलं): हेही ठीक.
- दार बंद असूनही अनंत: वायर तुटली, स्क्रू सुटला किंवा दारावरचं चुंबक स्विचपासून दूर गेलं.
- जवळजवळ शून्य: दोन वायरी कुठेतरी एकमेकींना टेकल्या आहेत.
- आकडा नाचतोय: सैल किंवा गंजलेला जोड. केबल हलकेच हलवत पुढे सरकत जा. आकडा उडी मारेल ती जागा.

दोन रेझिस्टरच्या मांडणीत आकडे वेगळे येतात. दार बंद असताना एकाचं मूल्य, उघडल्यावर दोघांची बेरीज, वायर तुटली तर अनंत.

रेझिस्टर सेन्सरच्या टोकाला आहे ना, हे डोळ्यांनी बघा. काही बसवणारे वेळ वाचवायला तो पॅनलच्या पेटीतच जोडतात. मग केबल मध्ये कुठे शॉर्ट झाली तर पॅनलला झोन कायम बंदच दिसतो. दार उघडलं तरी अलार्म नाही. हा दोष वर्षानुवर्षं लपून राहतो, कारण तो कधीच उगाच वाजत नाही.

वायर की पॅनल, हे ठरत नसेल तर अदलाबदल करा. संशयित झोनच्या वायरी सारखाच रेझिस्टर असलेल्या दुसऱ्या झोनवर लावा, त्याच्या इकडे. बिघाड वायरींबरोबर सरकला तर दोष बाहेर आहे, जागेवरच राहिला तर पॅनलमध्ये. काम झालं की फोटो बघून वायरी मूळ जागी लावा.

> तपासा: सेन्सरच्या टोकाशी पुरवठा मोजा. लांब, बारीक केबलवर व्होल्टेज गळतं. पॅनलपाशी १३.६ आणि सेन्सरपाशी १० च्या आत असेल तर सेन्सरला दोष देऊ नका.

## टप्पा ४: सेन्सर

### हालचाल ओळखणारा (पीआयआर)

हा सेन्सर माणसाला बघत नाही. लेन्स समोरची जागा पट्ट्यांत वाटते, आणि त्या पट्ट्यांमधल्या उष्णतेत झालेला बदल त्याला कळतो. त्यामुळे उन्हाची सरकती तिरीप, एसीचा झोत, हीटर, लेन्सवर फिरणारा कोळी, यांतलं काहीही त्याला चाळवू शकतं. कोळी आकारानं लहान असला तरी लेन्सवर बसल्यावर त्यानं अडवलेला भाग मोठा असतो.

हा भाग मी स्वतः चुकून शिकलो. आमच्या जिन्यातला सेन्सर पहाटे वाजायचा, आठवड्यातून दोन-तीनदा. बसवून देणाऱ्या तंत्रज्ञानं एकदा बदलला, मी एकदा बदलला, तरी तेच. शेवटी एका पहाटे शिडीवर चढून झाकण उघडलं आणि ओलं बोट आत धरलं. केबल भिंतीतून ज्या भोकातून येत होती, तिथून गार हवेचा बारीक झोत थेट आतल्या, उष्णता टिपणाऱ्या चकतीवर येत होता. केबलची नळी वर माळ्यावर उघडी होती. पहाटे माळा गार पडला की हवा नळीतून खाली उतरायची. भोक सिलिकॉननं बुजवलं आणि तो सेन्सर पुन्हा वाजला नाही. दोन चांगले सेन्सर आम्ही उगाच बदलले होते. तेव्हापासून पीआयआर उघडला की पहिली नजर त्या भोकाकडे जाते.

तपासायच्या गोष्टी या क्रमानं:

1. केबलचं भोक बुजवलेलं आहे का.
2. लेन्स बाहेरून मऊ, कोरड्या कापडानं, आतून ब्रशनं साफ करा. आतल्या चकतीला बोट लावू नका. कीटकनाशकाचा फवारा सेन्सरवर मारू नका.
3. उंची. बहुतेक सेन्सर १.८ ते २.४ मीटरवर बसवायचे असतात. जास्त वर असला तर जवळचा भाग सुटतो.
4. रोख. सेन्सरसमोरून आडवं जाणारं माणूस चटकन पकडलं जातं, सरळ त्याच्याकडे चालत येणारं उशिरा. दाराकडे सरळ रोखून बसवणं ही म्हणून चूक आहे.
5. समोर नवीन कपाट, पडदा, टांगता दिवा आलाय का. काचेपलीकडची हालचाल हा सेन्सर पकडत नाही, त्यामुळे काचेचं पार्टिशन घातलं असेल तर पलीकडचा भाग आंधळा झाला.

खोली फार तापली आणि हवा अंगाच्या तापमानाच्या जवळ गेली की याची नजर मंदावते. फरकच उरत नाही. चालत जाऊन चाचणी घ्यायची तर एकदा तापलेल्या दुपारीही घ्या.

संवेदनशीलता कमी करणं हा शेवटचा उपाय. आधीच ती कमी केलीत तर खोटे अलार्म थांबतील, आणि खरा माणूसही निसटेल.

### दार-खिडकीचं चुंबक

इथे बिघाड बहुधा यांत्रिक असतो. दार बिजागरीत खचतं, दमट हवेत लाकूड फुगतं, चुंबक आणि स्विचमधलं अंतर वाढतं. दार बंद करून ते अंतर मोजा. अनेक सेन्सरना दीड-दोन सेंटिमीटरपर्यंत चालतं, लोखंडी दारावर त्याहून बरंच कमी. मग दार आतून-बाहेरून हातानं हलवा. कीपॅडवर झोन लुकलुकला तर कारण सापडलं. चुंबक सरकवण्याआधी बिजागरी घट्ट करा, नाहीतर तीन महिन्यांनी पुन्हा हेच काम.

## टप्पा ५: वायरलेस सेन्सर

'लो बॅटरी' आल्यावर मीटर लावून ३ व्होल्ट दिसले म्हणून जुनीच बॅटरी परत बसवू नका. सीआर१२३ए सारख्या लिथियम बॅटरीचं व्होल्टेज शेवटपर्यंत टिकून राहतं आणि मग कोसळतं. पॅनल सांगतंय तर बदला. सेन्सरमध्ये दोन असतील तर दोन्ही, एकाच प्रकारच्या.

जुनी बॅटरी काढल्यावर टॅम्परचं बटण दोन-तीनदा दाबून थोडं थांबा, आत साठलेला विद्युतभार उतरू द्या. मग ध्रुव बघून नवी घाला. पीआयआर असेल तर त्याला स्थिरावायला काही मिनिटं द्या. लगेच चालत गेलात आणि त्यानं दखल घेतली नाही, तर तो बिघडला असं समजू नका.

सेन्सर हरवल्याचा संदेश येत असेल तर मेनूत सिग्नलची ताकद बघा, सेन्सर त्याच्या जागी असताना. हातात घेऊन पॅनलपाशी केलेली चाचणी नेहमीच उत्तम येते आणि तिचा काही उपयोग नाही. मध्ये आलेला फ्रीज, लोखंडी कपाट, मोठा आरसा सिग्नल खातात.

## टप्पा ६: सायरन आणि संदेश

बाहेरच्या सायरनमध्ये बहुधा स्वतःची बॅटरी असते. पॅनलची वायर कापली तरी तो वाजावा म्हणून ती असते. पण तिच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. ती मेली की वीज गेलेल्या रात्री सायरन मधूनच ओरडतो किंवा नुसता घोगरा आवाज काढतो.

> सावध: पॅनलची मेन आणि बॅटरी दोन्ही काढलीत तर बाहेरचा सायरन आपल्या बॅटरीवर वाजू लागेल. शिडीवर असताना दचकून पडण्याचा धोका खरा आहे. आधी इंजिनिअर मोड, मग सायरन.

संदेश जाणं वेगळं तपासा. सायरन वाजला म्हणजे फोनवर सूचना आली असं नव्हे. पॅनलमधल्या सिमचं रिचार्ज संपलेलं असतं, राउटर बदलल्यावर पासवर्ड बदललेला असतो, किंवा नव्या राउटरचं वाय-फाय फक्त ५ गिगाहर्ट्झवर ठेवलेलं असतं आणि पॅनलला २.४ लागतं. वीज गेल्यावर राउटरही बंद पडत असेल, तर बॅटरीवर चालणारा तुमचा पॅनल बोलणार कुणाशी? मेन बंद करून एक खोटा अलार्म पाठवा आणि फोन वाजतो का बघा.

## टप्पा ७: चालून चाचणी आणि पूर्ववत

1. वॉक-टेस्ट मोड लावा. प्रत्येक खोलीत आडवे चाला, प्रत्येक दार-खिडकी उघडा, यादीवर खूण करा. एकही झोन 'माहीत आहे, चालतो' म्हणून सोडू नका.
2. संशयित झोनला सोक टेस्टची सोय असेल तर आठवडाभर त्यात ठेवा. झोनची नोंद होते, सायरन वाजत नाही.
3. सगळे बायपास काढा.
4. इंजिनिअर मोडमधून बाहेर पडा. बाहेर पडू देत नसेल तर कुठलं तरी झाकण उघडं आहे.
5. मॉनिटरिंग केंद्राला सांगून चाचणी मोड काढा. हे विसरलात तर खरा अलार्मही ते चाचणी समजतील.

## देखभाल

महिन्यातून एकदा अलार्म लावून एक दार मुद्दाम उघडा, सायरन आणि फोन दोन्ही बघा. दर महिन्याला वेगळं दार. तीन महिन्यांनी सेन्सरवरची जाळी आणि धूळ काढा, बायपासची यादी वाचा. सहा महिन्यांनी टप्पा २ मधली तासाभराची बॅटरी चाचणी. वर्षातून एकदा पॅनलच्या पेटीतले स्क्रू हलकेच आवळा, बाहेरच्या सायरनची बॅटरी बघा आणि युजर कोडची यादी तपासा. १२३४ सारखा मूळ कोड अजून तसाच असेल तर आजच बदला, आणि काम सोडून गेलेल्या माणसाला दिलेला कोड तो गेला त्याच दिवशी काढून टाका.

पॅनलमध्ये जळका वास, फुगलेली बॅटरी, पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या किंवा जोडल्या जोडल्या उडणारा फ्यूज, यांपैकी काहीही दिसलं तर थांबा. घरच्या बोर्डावरून त्या लाइनची मेन बंद करा आणि तंत्रज्ञाला बोलवा. तो आला की तुमची वही त्याच्या हातात द्या. लॉग, मोजलेले आकडे आणि काय बदलून पाहिलं ते सगळं तिच्यात आहे.